मे महिन्यातलं पाणी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी आईचा फोन आला. मी साईटच्या केबिनमध्ये क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासतात त्याचे, रिपोर्ट बघत बसले होते, बाहेर मिक्सरच्या गाड्या लागलेल्या, म्हटलं नंतर करते, पण आई दुपारी कधी फोन करत नाही म्हणून उचलला. पडवीच्या स्लॅबचा तुकडा पडला म्हणाली. भाकरीएवढा. ती खळ्यात आमसुलं परतायला गेली होती म्हणून वाचली, तुकडा पडला तो बाबांच्या बाकड्यावर, जिथं ती रोज जेवण झाल्यावर टेकते तिथंच. हे सगळं तिनं वाडीतली कुठलीही बातमी सांगावी तसं सांगितलं, म्हणजे अमक्याच्या म्हशीला रेडा झाला असं. मी घाबरून तू आता पडवीत बसू नकोस, मधल्या दारातून ये-जा करू नकोस वगैरे बोलत सुटले. ती ऐकत होती. मग थोडा वेळ गप्प राहिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "पाणी कमी पडलां काय गो तेव्हा?"

बावीस वर्षं मी काँक्रीटमध्ये काम करतेय. पूल, टाक्या, बिल्डिंगी, काय काय केलं. इतक्या वर्षांत कुणी, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरनं नाही, क्लायंटनं नाही, कुणीच मला असा प्रश्न विचारला नव्हता. काहीतरी बिघडलं की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, सिमेंट खराब, वाळू खराब, डिझाईन खराब. आणि ही सत्तरी ओलांडलेली बाई, ३६ वर्षांपूर्वी स्वतः पाणी मारलेल्या स्लॅबबद्दल, स्वतःकडे बोट दाखवून विचारत होती.

मे महिन्यात रजा टाकून घरी गेले. आईनं तो तुकडा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून देवघराच्या फळीवर ठेवला होता, जणू तुटलेला दागिना सोनाराकडे न्यायचाय. मी तो हातात घेतला. एका बाजूला गिलावा, त्यावर चुन्याचे आणि डिस्टेंपरचे थर, सगळ्यात खाली निळीचा तो रंग जो आमच्या लहानपणी होता. आणि दुसऱ्या बाजूला सळईचा ठसा. टोर सळई असायची तेव्हा, पिळलेली, तिचे आटे काँक्रीटमध्ये जसेच्या तसे उमटले होते, शंखाच्या आतल्या बाजूसारखे, फक्त तांबूस तपकिरी. त्या खोबणीत गंजाचे पापुद्रे होते, नखानं सुटत होते, एकावर एक, कांद्याच्या सालीसारखे. वर बघितलं तर भोकातून तीन सळया दिसत होत्या. सळई गंजली की बारीक होते असं लोकांना वाटतं, पण आधी ती फुगते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, काँक्रीटला ती जागा द्यायला जमत नाही, मग ते खालच्या बाजूनं सोलून निघतं. आपण म्हणतो स्लॅब पडला. खरं तर आतून ढकलला गेलेला असतो.

तो स्लॅब टाकला तो मे १९८९. मी नऊ वर्षांची. बाबा मुंबईला गोदीत कामाला, वर्षाची रजा साठवून महिनाभर आलेले. त्याच वर्षी मार्चमध्ये सिमेंटवरचं उरलंसुरलं कंट्रोल उठलं होतं आणि बाबा हे प्रत्येकाला सांगायचे, आता परमिट नको, कुणाच्या पाया पडायला नको, पैसे टाका आणि पोतं उचला. पन्नास पोती आली, ओटीवर फळ्यांवर रचून ठेवली, आणि आम्ही भावंडं त्यांच्याच बाजूला झोपायचो. सिमेंटचा तो कोरडा, नाकात चरचरणारा वास मला अजूनही घरचा वास वाटतो, कारखान्याचा नाही. वाळू खाडीतून होडीनं आली. तिच्यात शिंपले असायचे, बारीक, गुलाबी कडांचे, आम्ही ते वेचून करवंटीत भरायचो. खडी काळ्या दगडाची. स्लॅबच्या दिवशी अख्खी वाडी आली. नारळ फोडला, पहिलं घमेलं बाबांनी ओतलं, मग शिडीवर बायका-माणसांची रांग, घमेलं खालून वर, वरून रिकामं खाली, आणि मिस्त्री मधे उभा राहून सळईच्या तुकड्यानं माल खचवतोय. व्हायब्रेटर वगैरे नाव कुणी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी काम संपलं तेव्हा बाबा वर चढून कडेकडेनं चालून आले, पाय उमटणार नाहीत असे, आणि खाली उतरल्यावर काही बोलले नाहीत, फक्त बायकोकडे बघून हसले. आमच्या घराण्यात डोक्यावर कौल नसलेली ती पहिली जागा.

दुसऱ्या दिवसापासून काम आईचं.

मिस्त्रीनं स्लॅबवर मातीचे बांध घालून आळी करून दिली होती, वाफ्यांसारखी, आणि सांगून गेला की पंधरा दिवस हे सुकलेलं दिसता कामा नये. मे महिन्याचं ऊन. सकाळी भरलेलं पाणी अकरा वाजेपर्यंत निम्मं व्हायचं. पंप नव्हता. घराच्या मागं विहीर, रहाटानं पाणी काढायचं, कळशी डोक्यावर, कळशी कमरेवर, खळं ओलांडायचं आणि बांबूच्या शिडीवरून वर. आई दिवसाला वीस-पंचवीस खेपा करायची. सकाळी, दुपारी, दिवे लागायच्या आधी. एकदा रात्री मला जाग आली तर ती चांदण्यात शिडीवर होती, म्हणाली सुकल्याचा वास आला. मला तेव्हा कळलं नाही हा काय वास असतो. आता कळतो. तापलेल्या ताज्या सिमेंटवर पाणी पडलं की एक वास येतो, पहिल्या पावसाच्या मातीचा थोडासा भाऊच म्हणा, आणि तो यायचा बंद झाला की समजावं तहान लागलीय. हे मला कॉलेजमध्ये कुणी शिकवलं नाही.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही ही गोष्ट आपल्याकडे शिकलेल्या माणसांनाही माहीत नसते. ते पाणी पिऊन घट्ट होतं. सिमेंटच्या कणाला पाणी मिळत राहिलं तर त्याच्यापासून बारीक तंतू फुटत राहतात, एकमेकांत गुंततात, मधली पोकळी भरत जाते. पाणी तुटलं की हे काम तिथंच थांबतं, आणि ज्या बारीक वाटा उघड्या राहतात त्यातून पुढं आयुष्यभर हवा आणि ओल आत येत राहते. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये, साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला दहा, आणि कडक कोरड्या उन्हात त्याहून जास्त असं लिहिलंय. आईनं पंधरा दिवस केलं. मी आज ज्या साईटवर जाते तिथं रजिस्टरमध्ये सात दिवस लिहिलेले असतात आणि कॉलमला गुंडाळलेलं गोणपाट हात लावला तर खडखडीत असतं. पाणी मारायचं काम सगळ्यात कमी पगाराच्या माणसाचं, बहुतेकदा वॉचमनच्या बायकोचं, आणि इमारतीचं आयुष्य पुष्कळसं तिच्या हातात असतं, हे मी किती मीटिंगमध्ये बोलले असेन. लोक मान डोलावतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात.

तर मी तपासायचं ठरवलं. फिनॉल्फ्थॅलिनची बाटली सोबत घेऊन गेले होते. शाळेत प्रयोगशाळेत वापरायचो तेच, अल्कलीत गुलाबी होणारं. चांगलं काँक्रीट भरपूर अल्कधर्मी असतं, पीएच बारा-तेराच्या घरात, आणि त्या वातावरणात सळईवर एक अगदी पातळ कवच तयार होतं जे तिला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरून ही अल्कली मारत जातो, पीएच नऊपर्यंत उतरला की कवच गेलं. जिथंवर अल्कली मेलीय तिथं फिनॉल्फ्थॅलिनला रंग येत नाही, जिथं शिल्लक आहे तिथं गुलाबी. पाणी कमी मारलेल्या काँक्रीटमध्ये हा रंगहीन पट्टा सळईच्याही पलीकडे गेलेला असतो. मी शिडी लावली, भोकाच्या कडेला हातोडीनं ताजा तुकडा फोडला आणि फवारा मारला. आई खाली शिडी धरून उभी.

गुलाबी. जास्वंदीसारखं गडद. फक्त बाहेरची बोटाच्या नखाएवढी कड बिनरंगाची राहिली, बाकी सळईच्या भोवती, सळईच्या वर, सगळं गुलाबी.

मला इतका आनंद झाला की मी वरूनच ओरडले, बघ, पाणी अजिबात कमी नाही पडलं, उलट आमच्या नव्या बिल्डिंगींपेक्षा चांगलं आहे. आई वर बघत होती, चष्म्यात तो गुलाबी ठिपका दिसत असावा, आणि तिच्या खांद्यातलं काहीतरी सैल झालेलं मला वरून दिसलं. पुढच्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की सळई गुलाबी भागात आहे. अल्कली शाबूत, कवच असायला हवं, आणि तरी सळई सडलीय. असं एकाच गोष्टीनं होतं. मी शिडीवर तशीच उभी राहिले. खालून आई म्हणाली उतर आता, चहा टाकते.

मीठ. क्लोराइड. ते अल्कलीच्या वाटेला जात नाही, सरळ सळईवरच्या कवचाला भोक पाडतं, एक टोचणी, तिथं गंज सुरू, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते खर्च होत नाही, एका जागचं काम झालं की मोकळं होऊन पुढच्या जागी जातं. सिल्व्हर नायट्रेटही होतं माझ्याकडे, क्लोराइड असलं की ते पांढुरकं होतं, त्यानं पांढुरकं आलं. मग नमुने रत्नागिरीमार्गे लॅबला गेले आणि रिपोर्ट आला, आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, एका घनमीटरमागे ०.६ किलो क्लोराइड ही मर्यादा, आमच्या पडवीत त्याच्या दुपटीहून जास्त. आणि दुसरी एक बाटली मी आईला न सांगता पाठवली होती, मागच्या विहिरीच्या पाण्याची, मे महिन्यातल्या. त्यात लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास क्लोराइड निघालं. आरसीसीच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. समुद्राच्या पाण्यात १९००० च्या आसपास असतं, त्या मानानं आमचं पाणी साधं मचूळ, पण हिशोब करा, एक घनमीटर काँक्रीटला दोनशे लिटर पाणी धरलं तर नुसत्या माल कालवायच्या पाण्यातून ३०० ग्रॅम गेलं, म्हणजे निम्मी मर्यादा तिथंच संपली. वर शिंपल्यांची खाडीची वाळू, न धुतलेली. आणि त्यावर पंधरा दिवस आळी भरून भरून तेच पाणी, ऊन पाणी घेऊन जायचं आणि मीठ ठेवून जायचं, पुन्हा कळशी, पुन्हा ऊन.

आमच्या विहिरीचं पाणी मार्चपासून मचूळ व्हायला लागतं. खाडी जवळ, गोडं पाणी खाली गेलं की खारं आत सरकतं. मे महिन्यात त्यात डाळ शिजायची नाही, चहा फाटायचा, म्हणून प्यायचं पाणी आई वरच्या वाडीतून आणायची, अर्धा मैल, दिवसाला दोन हंडे. जिभेला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांच्या जिभांना माहीत होतं. पण प्यायचं पाणी वेगळं आणि बांधकामाचं पाणी वेगळं, दगड-सिमेंटला कसली आलीय चव.

आता मी नीट सांगते, कारण या बाबतीत अर्धवट बोलायला मला आवडत नाही. ३६ वर्षांनंतर त्या स्लॅबमधलं मीठ कुठून आलं हे कुणी वेगळं करून दाखवू शकणार नाही. वाळूतून किती, कालवायच्या पाण्यातून किती, आईच्या कळश्यांतून किती, आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यानं गेली छत्तीस वर्षं किती आणून टाकलं. पावसाळ्यात आमच्या खिडक्यांच्या काचांवर बोट फिरवलं तर खारट लागतं. बहुधा वाळू आणि मालातलं पाणी हेच मोठे वाटेकरी असतील, खालच्या सळईपर्यंत वरच्या आळ्यांतलं मीठ पोचायला वेळ लागतो. पण हे सगळं मला समजतं म्हणून मनाला पटतं असं नाही. रात्री मला शिडीवरची आई दिसायची, चांदण्यात, आणि डोक्यावर ती कळशी.

आणि ही फक्त आमच्या पडवीची गोष्ट नाही. मालवण-वेंगुर्ल्यापासून वर दापोली-हर्णैपर्यंत किनाऱ्याच्या गावांतून हिंडा, ऐंशी-नव्वदच्या दशकातले स्लॅब बघा, छज्जाखाली लोंबणाऱ्या सळया, बीमच्या खालच्या कडेला लांबच लांब सरळ चीर, वर पत्र्याची शेड मारलेली. लोक म्हणतात खारी हवा. हवा आहेच, पण मला वाटतं त्याहून साधं कारण रजेत आहे. कोकणातलं घर बांधलं जातं चाकरमान्याच्या रजेत. रजा मिळते मे महिन्यात, पोरांच्या शाळांना सुट्टी तेव्हाच, एसटीनं सगळे तेव्हाच येतात, आणि पावसाच्या आत छप्पर व्हायला पाहिजे ही घाई. म्हणजे वर्षातल्या ज्या महिन्यात विहिरी सगळ्यात खाऱ्या आणि ऊन सगळ्यात कडक, नेमक्या त्याच महिन्यात अख्ख्या किनाऱ्यावर स्लॅब पडत होते. कुणाची चूक म्हणायची? मुंबईहून घाम गाळून पैसे आणणाऱ्याची? कोड होता, त्यात पाण्याचे आकडे होते, इंग्रजीत होते. आमच्या मिस्त्रीकडे त्याच्या काकाचं ज्ञान होतं आणि ते चुन्याच्या कामाचं होतं. चुन्याला मीठ फारसं खुपत नाही, कारण चुन्याच्या भिंतीत लोखंडच नसतं.

मोठ्या कामांनाही हे सहज कळलं असं नाहीच. मी सहा वर्षांची असताना, ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल पडला. १९७० च्या सुमाराचा पूल, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा, आतल्या ताणलेल्या तारा गंजून गेल्या होत्या. आमच्याकडून आजारी माणसाला न्यायचं तर गोवाच जवळ, त्यामुळं पुढची काही वर्षं आम्ही फेरीबोटीनं मांडवी ओलांडायचो आणि बाजूला नदीत ते मोडके तुकडे दिसायचे. आजी पदर तोंडावर घ्यायची. गंमत म्हणजे तिथून थोडंच पुढं, पणजीहून रायबंदरला जाणारा जो बांध-रस्ता आहे तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, पोंते दि लिन्यारिश, खाजणातून जातो, दोन्ही बाजूंना खारं पाणी, आणि त्याच्यावरून आज बसगाड्या जातात. चिरा आणि चुना. बाबा मला खिडकीतून दाखवायचे, बघ, हा शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आसपासचा आहे. मी इंजिनिअर झाले त्यात या रस्त्याचा वाटा आहे. पण एक सांगायला हवं, लोक हे उदाहरण देऊन जुनं ते सोनं म्हणतात ते मला पटत नाही. त्या बांधाला लांब उडी मारायची नव्हती, त्याचा प्रत्येक दगड खालच्या दगडावर बसलाय. नदीवरून, खालून बार्जी जाऊ देत, एवढा मोठा पल्ला घ्यायचा तर सळई-तारा लागणारच. प्रश्न सळई नको हा नाही, सळई घेतली की तिची जबाबदारी घेतली हा आहे.

आमचं मूळ घरही चिऱ्याचं आणि शिंपल्यांच्या चुन्याचं, आजोबांच्या वडिलांच्या वेळचं. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करायचे, भट्ट्या होत्या. आणि सिमेंट ज्या चुनखडीपासून होतं ती तरी काय, पुष्कळशी कुठल्या तरी जुन्या समुद्राचे दबलेले शिंपलेच, फक्त १४५० अंशांवर मातीसकट भाजलेले. भाजताना चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, शिवाय कोळशाचा धूर. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सात-आठ टक्के वाटा सिमेंटचा, एका पोत्यामागे ढोबळ तीस किलो. म्हणजे आमच्या पडवीचे पन्नास पोत्यांचे दीड टन. मी सेमिनारांना जाते, तिथं फ्लाय अॅश म्हणजे कोळशाची राख, स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, चुनखडी आणि भाजलेल्या मातीचं एलसी-थ्री सिमेंट, यावर दिवसभर चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी, मी स्वतः त्या बाजूची आहे. पण दीड टन हवेत सोडून केलेली वस्तू ३६ वर्षांत पाडावी लागली, पुन्हा तेवढंच भाजावं लागलं, हे नुकसान कुठल्या तक्त्यात दिसत नाही. शंभर वर्षं टिकली असती तर तोच दीड टन तीन पिढ्यांना पुरला असता. कळशीभर पाण्याची चव घेऊन बघायला काय लागतं.

तरी जुन्या घराबद्दल हळवं होताना मी आईला विसरते. चुन्याचं घर ऐकायला छान, पण दरवर्षी पावसाआधी कौलं चाळायची, फुटलेली बदलायची, झावळ्यांची झडप बांधायची, भिंतीचा चुना सुटला की पुन्हा लावायचा, हे सगळं बायकांच्या अंगावर. तो स्लॅब झाला आणि आईला पहिल्यांदा आमसुलं, सुकं खोबरं, मिरच्या वाळवायला कोंबड्या-कुत्र्यांपासून लांब जागा मिळाली. संध्याकाळी ती वर जाऊन नुसती उभी राहायची. तिथून खाडी दिसते. बाबा गेल्यावरही ती तिथंच जाऊन उभी राहायची. म्हणून मी जेव्हा म्हटलं की हा स्लॅब उतरवावा लागेल तेव्हा ती एकदम तुटकपणे म्हणाली, "तुझ्या बाबांनी बांधलेलां मोडूचां नाय."

मी दुरुस्तीचा विचार खूप केला. पण मीठ मुरलेल्या स्लॅबला ठिगळ लावलं तर ठिगळाच्या कडेला, जुन्या भागात, गंज आणखी जोरात सुरू होतो, हे मी डझनभर बिल्डिंगींत पाहिलंय, दोन वर्षांनी ठिगळाशेजारी नवा पोपडा. सळईऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अॅनोड बसवता येतात, पण सळयांचा निम्मा जीव गेलेला होता. खांब चिऱ्याचे, ते ठणठणीत. उतरवायचा तो फक्त स्लॅब आणि एक बीम. आईला मी हे चार दिवस समजावत होते. शेवटी तिनं कबूल केलं आणि म्हणाली, मग या महिन्यातच करून टाक, तू रजेवर आहेस तोवर. मी म्हटलं, नको, आता पाडू, टेकू लावू, पण नवा तुळशीचं लग्न झाल्यावर टाकू.

"कित्याक?"

मी सावकाश म्हटलं, तेव्हा विहीर गोडी असते.

ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत, पण मला दिसलं की तिनं तीच काडी दोनदा मोडली. खूप वेळानं म्हणाली, "म्हणजे खाऱ्या पाण्यान झालां तां?" मी वाळू सांगितली, वारा सांगितला, मिस्त्रीनं मालात ओतलेलं पाणी सांगितलं, गुलाबी रंगाचं पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "दुसरां पाणी तरी खय होतां," आणि ताट उचलून आत गेली. त्या वाक्यात तक्रार नव्हती, की स्वतःची बाजू मांडणंही नव्हतं. मला मात्र ते वरच्या वाडीतल्या विहिरीचे दोन हंडे आठवत राहिले, आम्ही प्यायलो ते.

त्या रजेत शेवटच्या दिवशी तिला मालवणला घेऊन गेले, होडीनं सिंधुदुर्गात. खूप वर्षांत गेली नव्हती. चारी बाजूंनी समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तीन विहिरी गोड्या पाण्याच्या. शाळेत असताना मला ही नावं गोष्टीतली वाटायची. १६६४ ला त्या कुरटे बेटावर कामाला सुरुवात झाली, तीन वर्षं चाललं, आणि मी त्या विहिरीत वाकून बघताना विचार करत होते की ज्यांनी ही जागा निवडली त्यांनी दगडाच्या आधी पाणी चाखलं असणार. आई काठावर हात टेकून बराच वेळ उभी होती. काय विचार करत होती मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात काम झालं. जुन्या स्लॅबचा राडा फोडून खळ्याच्या नव्या सोलिंगखाली घातला, लांब टाकायला नेला नाही, आईचीच तशी इच्छा होती. क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, आणली. स्लॅग सिमेंट घेतलं, त्याची पोकळी जास्त बारीक होते आणि मीठ आत शिरायला अवघड जातं, फक्त त्याला पाणी जास्त दिवस लागतं. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईखाली काँक्रीटचं कव्हर राहावं म्हणून ठेवायचे ठोकळे, मी आणि मिस्त्रीच्या मुलानं खळ्यात बसून ओतले, ४५ एमएमचे, मिस्त्री म्हणाला ताई एवढं कव्हर कशाला, स्लॅब जाड होईल, म्हटलं होऊ दे. पाणी पाइपनं सोडायचं नाही, बादलीनं मोजून घालायचं यावरून त्याच्याशी दोनदा वाजलं. विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट आला होता, लिटरला ८० मिलिग्रॅम, कागद माझ्या खिशात होता, घडी घालून.

सकाळी सात वाजता माल कालवायला सुरुवात होणार, नारळ फोडून झालेला, मिस्त्रीनं पिंपाकडे बोट करून पाणी मागितलं. आता पंप आहे, बटण दाबलं की येतं. पण आई मागच्या दारानं आली तीच कमरेवर कळशी घेऊन, रहाटानं काढलेली, गुडघे दुखतात तरी. पिंपाशी थांबली. ओंजळीत थोडं घेतलं, प्यायली, तोंडात फिरवलं, पुन्हा एक घोट घेतला. सगळे थांबून बघत होते.

"गोड आसा," म्हणाली, आणि कळशी पिंपात उलटी केली.

पुढचे चौदा दिवस मी तिला वर जाऊ दिलं नाही, पाइप लावून दिला, शेजारच्या पोराला पैसे ठरवले. मी परत कामावर आले. पाचव्या रात्री साडेनऊला त्या पोराचा फोन, काकी वर चढल्यात, ऐकत नाहीत, म्हणतात सुकल्याचा वास येतोय.